डोंगराखालच्यांची बाजू

'हॉगवर्ट्स लेगसी' नावाच्या व्हिडिओ गेमवर मी लिहिते आहे हे पाहून घरातले काही जण हसतील. हसा बापडे! ज्या गोष्टीत आपली नातवंडं तासन्‌तास रमतात ती एकदाही न बघता 'डोळे खराब होतात' एवढं म्हणून निकालात काढायची, हे मला पटत नाही. पुस्तक न उघडता परीक्षण लिहिण्यासारखंच झालं ते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नातू लॅपटॉप घेऊन आला तेव्हा शेजारी खुर्ची टाकून मी तो खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. (लॅपटॉपवर खेळ आधीच घालून आणला होता. ८५ जीबीचं प्रकरण आहे ते. आमच्याकडच्या नेटवर्कवर उतरवायला घेतलं असतं तर पुढची दिवाळी आली असती.)

माझं मत आधीच सांगून टाकते. वाडा फार सुंदर बांधला आहे, पण डोंगराखाली राहणाऱ्यांचं गाऱ्हाणं अर्धवट ऐकून सोडून दिलं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जे. के. रोलिंगबाईंची हॅरी पॉटरची पुस्तकं भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठीत आणली. पहिल्याचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. हे नाव मला फार आवडतं. मुळात 'तत्त्वज्ञाचा दगड' असं काहीतरी होतं, त्याला आपल्याकडे परीस हा तयार शब्द निघाला, लोखंडाचं सोनं करणारा. या पुस्तकांवर २००१ पासूनच खेळ निघत आले. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला हा खेळ सगळ्यांत मोठा. अमेरिकेतल्या ॲव्हलांच सॉफ्टवेअरने तो बनवला आणि त्या एका वर्षात त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. यात हॅरी नाही. काळ १८९० चा, म्हणजे हॅरीच्या जन्माआधी नव्वद वर्षांचा. खेळणाराच त्या जादूच्या शाळेतला नवा विद्यार्थी होतो आणि थेट पाचवीत दाखल होतो.

आता चांगलं काय ते आधी. मास्तरणीची सवय आहे, वहीवर पहिला शेरा चांगलाच द्यायचा.

शाळेची इमारत! वर्षानुवर्षं पुस्तकात वाचलेले फिरते जिने, बोलणारी चित्रं, मोठं सभागृह, स्वयंपाकघराचा चोरदरवाजा, सगळं पायी हिंडून बघता येतं. कुठल्याही भिंतीजवळ थांबा, काहीतरी हलत असतं. पुस्तक वाचताना मुलाने मनात जी शाळा उभी केलेली असते तिला धक्का न लावता तिच्यात फिरवून आणायचं, हे सोपं काम नाही. सिनेमालाही ते एवढं साधलेलं नव्हतं, कारण सिनेमात आपण दिग्दर्शक नेईल तिकडेच जातो. इथे पोरगं अर्धा तास नुसतं ग्रंथालयात फिरत होतं आणि मला ते बघून बरं वाटलं.

दुसरी गोष्ट, यातल्या काही कथा खरोखर कथा आहेत. इझिडोरा नावाची एक जुनी जादूगारीण आहे. वडिलांचं दुःख बघवत नाही म्हणून ती जादूने त्यांचं दुःख काढून घेते. मग इतरांचं काढू लागते. दुःख जातं, पण त्याबरोबर माणसातलं आणखीही काही जातं, आणि काढलेलं दुःख साठून एक भयंकर शक्ती तयार होते. दहावीच्या वर्गात या एका प्रश्नावर दोन तास चर्चा झाली असती. तसंच तीन भाऊ आणि मृत्यू यांची गोष्ट. ती खेळात काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या जगात उलगडते आणि खेळणाऱ्याला त्या गोष्टीत उतरूनच पुढे जावं लागतं. गोष्ट ऐकणं आणि गोष्टीत चालणं यातला फरक मला तिथे कळला.

आणि हो, खगोलशास्त्र शिकवायला प्रोफेसर सत्यवती शाह नावाच्या बाई आहेत! अमित ठक्कर नावाचा एक विद्यार्थीही आहे. नाव ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले हे कबूल. या अमितबद्दल पुढे लिहिते, कारण माझा खरा मुद्दा त्याच्यापाशीच आहे.

आता कुरकुर.

किरकोळ तक्रारी पटकन आटोपते. झाडूवर बसून खेळायचा क्विडिच हा सामना पुस्तकांचा प्राण. खेळात तोच नाही! हेडमास्तरांनी यंदा रद्द केला, अशी सबब दिली आहे. झाडू आहे, मैदान आहे, सामना नाही. (क्विडिचचा वेगळा खेळ पुढे २०२४ मध्ये काढला. दुकानदारी म्हणतात ती हीच.) मग मर्लिनच्या परीक्षा म्हणून डोंगरोडोंगरी ९५ कोडी पेरली आहेत. पहिली दहा मजेची, पुढची शुद्धलेखनाच्या दंडासारखी. गावातल्या कुणाच्याही घरात शिरा, पेट्या उघडा, पैसे उचला, घरधनी समोर उभा असतो आणि ढिम्म बोलत नाही. जंगलातले प्राणी चोरशिकाऱ्यांपासून वाचवायचे म्हणून आपण पिशवीत भरून आणतो, आणि तेच प्राणी बाजारातल्या दुकानात विकताही येतात. आमच्याकडे वनखात्याने याला वेगळं नाव दिलं असतं.

जंगलाबद्दल मला इतरांपेक्षा जरा जास्त वाटणार. 'निषिद्ध अरण्य' दिसायला छान आहे, उन्हाची तिरीप अगदी खरी वाटते. पण त्यात शिरकाव करायला कुणाचीच मनाई नाही, मग निषिद्ध कसलं? आणि एवढ्या मोठ्या रानात कुणी सरपण वेचत नाही, मोहफुलं गोळा करत नाही, पानं तोडत नाही. माणसाचं जंगलाशी काही नातंच नाही. तिथे फक्त शत्रू दबा धरून बसलेले.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तीन अक्षम्य शाप. पुस्तकात त्यांतला एक जरी माणसावर वापरला तरी जन्मठेप, अझ्काबानचा तुरुंग. खेळात ते शिकता येतात आणि मग पाहिजे तितक्यांदा वापरता येतात. कुणी तुरुंगात टाकत नाही, शाळेतून नाव काढत नाही. सेबॅस्टियन हा मित्र बहिणीला बरं करायच्या नादात स्वतःच्या काकाचा जीव घेतो, तो प्रसंग लिहिणाऱ्याने फार चांगला लिहिला आहे. पण आपण स्वतः त्याच शापाने वाटेत पन्नास जण पाडलेले असतात आणि त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. मित्राचा एक खून म्हणजे शोकांतिका आणि आपले पन्नास म्हणजे गुण! लेखकाने पुस्तकात जे सांगितलं ते खेळाने हातांना उलटं शिकवलं.

आणि आता गॉब्लिन.

गॉब्लिन म्हणजे या कथांमधले बुटके, हुशार लोक. धातूकामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. जादूगारांच्या सरकारने त्यांना जादूची छडी बाळगायला बंदी केलेली. शेवटच्या पुस्तकात त्यांचा एक विचार येतो तो मला कायम लक्षात राहिला: वस्तूचा खरा मालक ती घडवणारा. विकत घेणाऱ्याने फक्त हयातभर वापरायची, मग ती घडवणाऱ्याकडे परत यायला हवी. जादूगार म्हणतात, आम्ही पैसे मोजले, आमची झाली. दोघांनाही आपापलं म्हणणं न्यायाचं वाटतं. मुलांच्या पुस्तकात एवढा अवघड प्रश्न एवढ्या साधेपणाने घातलेला क्वचित सापडतो.

या खेळाची मुख्य कथाच गॉब्लिनांच्या बंडाची आहे. रॅनरॉक त्यांचा पुढारी. डोंगराखाली पुरातन शक्तीचा साठा आहे, ज्यात ती साठवली ते त्याच्या पूर्वजाने घडवलं, म्हणून त्यावर आपला हक्क, असं त्याचं म्हणणं. छडीबंदीचाही राग आहेच. म्हटलं, वा! आता काहीतरी होणार. पण झालं काय? गाऱ्हाणं दोन-चार संवादांत येतं आणि विरून जातं. उरतात चिलखतातले गॉब्लिन, एकामागून एक लोळवायला. लॉडगॉक नावाचा एक समंजस गॉब्लिन भेटतो, बोलणी व्हावीत असं त्याला मनापासून वाटतं, तर तो भावाच्याच हातून मरतो. शेवटी रॅनरॉक ड्रॅगन होतो, म्हणजे त्याला मारताना कुणाला वाईट वाटायला नको. छडीबंदीचं काय झालं? ती तशीच.

अमित ठक्कर आठवतो ना? त्याला गॉब्लिनांची भाषा समजते. एका खाणीत शिरायचं असतं तेव्हा त्याला बरोबर नेतात. घाबरत घाबरत येतो, बिचारा आकाशात रमणारा मुलगा. आणि भाषा कामी कशासाठी येते? शत्रूचा बेत काय ते कळावं म्हणून. त्या भाषेत त्यांची गाणी असतील, गोष्टी असतील, देवाचं नाव असेल, असं खेळाच्या मनातही येत नाही.

एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या आसपास आयुष्य काढलेल्या बाईला हे खुपणार नाही तर काय होईल? माझ्या वर्गात पोरं माडिया बोलत यायची आणि हातात पुस्तक मराठीचं. त्यांचे शब्द मी शिकले ते हजेरीपुरते नाही, त्यांच्या गोष्टी कळाव्यात म्हणून. गोष्ट कळली की पोरगं कळायचं.

गैरसमज नको. आमचे माडिया म्हणजे गॉब्लिन असं मी मुळीच म्हणत नाही, ती तुलनाच अपमानाची ठरेल. मी म्हणते आहे ते प्रश्नाबद्दल. सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. तिथेच ठाकूरदेवाचं ठाणं, जानेवारीत यात्रा भरते, इलाक्यातल्या गावांची माणसं जमतात. २००७ साली तिथे खाणीचा भाडेपट्टा दिला गेला. ग्रामसभांनी विरोध केला, २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी कितीतरी ट्रक जाळले, २०२१ पासून काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. खाणीत नोकरी लागून घर बांधलेली मुलंही आहेत, आणि डोंगराकडे बघून गप्प होणारे म्हातारेही. कधी कधी दोघं एकाच घरातले. डोंगर कुणाचा? ज्याच्याकडे कागद आहे त्याचा, जो खणतो त्याचा, की ज्याचा देव तिथे आहे त्याचा? इथल्या मुलाला हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही, तो रोज दारावरून ट्रकने जातो. परीस सापडला असं म्हणणारेही इथे भेटतात आणि तो नेमका कुणाच्या लोखंडाला लागला असं विचारणारेही.

म्हणून मला वाटतं, खेळाने ही संधी घालवली. पुस्तकांत एक गंमत आहे. प्रोफेसर बिन्स या भुताच्या इतिहासाच्या तासाला गॉब्लिनांची बंडं शिकवली जातात आणि अख्खा वर्ग डुलक्या घेतो. लेखिकेने ती चेष्टा म्हणून घातली, पण त्यात बरंच सत्य आहे. हरलेल्यांचा इतिहास नेहमी असाच सनावळीत उरतो. १८५८ साली बाबूराव शेडमाकेंना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आमच्या भागात त्यांचं नाव आदराने घेतात, पण जिल्ह्याबाहेर किती मुलांना ते सांगता येईल? खेळाला बिन्स सरांचा कंटाळवाणा तास जिवंत करता आला असता. बंडखोर आधी माणसासारखा उभा करायचा, मग हरवायचा तर हरवा. एखादा तरी मार्ग असा ठेवायचा की बोलणी करून, छडीबंदी उठवून कथा संपते. नाहीतरी शेवटी ती शक्ती जपायची की वापरायची याची निवड खेळणाऱ्याला देतातच. निवड आहे ती शक्तीची, न्यायाची नाही.

काही जण म्हणतील, आजी, खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? नातूही हेच म्हणाला. पण मग त्याच्या लक्षात आलं की लॉडगॉक मेल्यावर त्याला वाईट वाटलं होतं आणि इतर गॉब्लिनांबद्दल काहीच वाटलं नव्हतं. "त्याचं नाव माहीत होतं ना मला," असं म्हणाला. एका वाक्यात त्याने माझा सगळा लेख सांगितला की! ज्याचं नाव आणि गोष्ट ठाऊक असते त्याला मारताना हात अडखळतो. हे शिकवायची ताकद या माध्यमात आहे, पुस्तकापेक्षा कदाचित जास्तच, कारण इथे हात आपला असतो.

तेव्हा मंडळी, खेळ बंद करा असं मी सांगणार नाही. खेळू द्या, शाळा बघण्याजोगी आहे. फक्त अधूनमधून शेजारी बसा आणि साधा प्रश्न विचारा, "हा समोरचा कशासाठी भांडतोय रे?" आणि मूळ पुस्तकं घरात ठेवा, जमल्यास मराठीत. खेळाच्या संवादांत ना मराठी आहे ना हिंदी. पुस्तकात मात्र आपला परीस आहे.

आमच्या जंगलातल्या गोष्टींवर कुणी खेळ केला तर मी पहिली बघायला बसेन. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा आपल्या पुराणकथांवरचा खेळ काढलाच आहे, तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. अट एकच, डोंगराखालच्यांना त्यांची नावं द्या, आणि त्यांची भाषा हेरगिरीला नको, गोष्ट सांगायला वापरा.

असो. फार लांबलं. तुमच्या घरी हा खेळ कुणी खेळत असेल तर जरूर कळवा, आणि गॉब्लिनांबद्दल मुलांना काय वाटलं तेही विचारून लिहा.