डोळ्यांची तपासणी दसऱ्याआधीच उरका

डोळ्यांचे डॉक्टर म्हटलं की आपल्या मराठवाड्यात पहिलं नाव निघतं ते डॉ. तात्याराव लहाने यांचं. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातलं माकेगाव हे त्यांचं गाव. मोतीबिंदूच्या एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया त्यांनी केल्या, 2008 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे मोतीबिंदूची भीती गावागावातून बरीच कमी झाली. पण एक गैरसमज अजून आहे, तो म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर म्हाताऱ्यांसाठी!

खरं तर उलट आहे. आजोबांचा साधा मोतीबिंदू दिवाळीऐवजी संक्रांतीला काढला तरी बहुतेक वेळा नजर परत येते. लहान मुलाच्या डोळ्याला मात्र असं थांबता येत नाही. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा डोळा तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र वापरणंच सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावलं, तर उपचाराचा चांगला गुण येतो. पुढे वय वाढेल तसं ते अवघड होत जातं. म्हणजे पहिली-दुसरीतलं पोर हे आपलं सगळ्यात घाईचं पोर!

आणि हे पोर कधी तक्रार करत नाही बरं का. एका डोळ्याने फळा दिसतो, वही लिहून होते, मग संशय कुणाला येणार?

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. चांगली योजना आहे. पण गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. पथक डिसेंबरात आलं तर ही मुलं हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पथकाची वाट न बघता पहिली तपासणी शिक्षकांनीच जून-जुलैत करावी.

त्याला लागतं काय? नेत्रतपासणीचा तक्ता, वीस फुटांची जागा आणि भरपूर उजेड. लहानग्यांना अक्षरं येत नसतील तर इंग्रजी ई आडवा-उभा फिरवलेला तक्ता घ्या, मूल बोटांनी दिशा दाखवतं. एका वेळी एकच डोळा तपासा. दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही. फटीतून बघण्यात पोरं फार हुशार असतात! सहा-नऊची ओळ कोणत्याही एका डोळ्याने वाचता आली नाही, तर नाव लिहून ठेवा.

आपलं काम इथे संपतं. नंबर ठरवणं हे डॉक्टरांचं काम. पालकहो, मुलाला थेट चष्म्याच्या दुकानात नेऊ नका. लहान मूल डोळ्यावर जोर देऊन बघतं, त्यामुळे नंबर चुकीचा निघू शकतो. डॉक्टर औषध घालून तो जोर सैल करतात आणि मगच तपासतात. त्यानंतर काही काळ जवळचं पुसट दिसतं, उजेड टोचतो. औषधाप्रमाणे हे एखादा दिवस, कधी आणखी काही दिवस राहतं. घाबरू नका, पण किती दिवस ते विचारून या. शासकीय कार्यक्रमात शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो, तेव्हा पैशाची अडचण सांगायला लाजू नका.

मुलीला चष्मा लागला की "पुढं लग्नात अडचण येईल" म्हणून तो पेटीत ठेवणारी घरं अजून आहेत. अशा घरी चिठ्ठी पाठवून भागत नाही, सरांनी किंवा बाईंनी स्वतः जावं लागतं. आणि जे कुटुंब कारखान्याला निघालंय, त्यांच्या पिशवीत चष्मा, पट्टी आणि डॉक्टरांचा कागद आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.