माझ्या मराठीचं कौतुक नको, प्रश्न विचारा

गेल्या उन्हाळ्यात माझी एमएची मौखिक परीक्षा झाली. अकरा मिनिटं चालली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून नेमकं सांगतो. त्यातली सात-आठ मिनिटं माझं मराठी किती शुद्ध आहे यावर गेली. ‘घरी काय बोलता?’ ‘मराठी विषय कसा काय घेतलात?’ ‘ळ अगदी स्वच्छ म्हणता हो तुम्ही!’ मग चहा आला. लघुप्रबंधाची प्रत टेबलावर होती, ती शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली. गुण भरघोस पडले. त्या गुणांची मला लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, कौतुक केलं, मार्क दिले, तरी याची कुरकुर आहेच. आहे. ती का आहे ते सांगतो.

आमचं घर दोन खोल्यांचं. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. अम्मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. माझी बाराखडी तिनेच गिरवून घेतली. घरात दखनी बोलतो, भांडण मात्र मराठीतून होतं, कारण शेजारच्यांनाही ते कळायला हवं असतं. या घरात मी चार महिने फजरच्या नमाजनंतर अभ्यासाला बसलो. भरताचं रससूत्र, मम्मटाची काव्यप्रयोजनं, सोस्यूरची चिन्हकल्पना, ‘लीळाचरित्रा’ची भाषा. बाजारात वीस प्रश्नांचं गाईड मिळतं, तेही घेतलं, खोटं कशाला बोलू? लेखी परीक्षा गाईडवर निघते. पण मौखिकीला गाईड चालणार नाही, तिथे माणसं समोर बसून विचारतील, अशी माझी समजूत होती. म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी चाळीस प्रश्न लिहून काढले होते. बहीण परीक्षक व्हायची आणि मी उत्तरं द्यायचो.

माझा विषय होता शेख महंमद श्रीगोंदेकर. ‘योगसंग्राम’ १६४५चा. ओवीबद्ध ग्रंथ. कादरी सूफी परंपरेतले चांद बोधले हे त्याचे गुरू, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य असं परंपरा सांगते. म्हणजे शेख महंमद मराठीच्या ओसरीवर येऊन टेकलेला पाहुणा नव्हे, घरातलाच माणूस आहे. पण आमच्या नोट्समध्ये त्याच्यासाठी एकच वाक्य ठरलेलं असतं: ‘मुसलमान असूनही त्यांनी मराठीत रचना केली.’ हे ‘असूनही’ मला गेली दोन वर्षं छळतंय. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले, इथे येऊन भाषा शिकले आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. तिथे ‘असूनही’ म्हटलं तर एक वेळ समजू शकतो. शेख महंमदाला ते कशासाठी? मौखिकीत माझं जे कौतुक झालं ते याच ‘असूनही’चं होतं, फक्त तो शब्द कुणी उच्चारला नाही.

आणि हे केवळ माझ्याच वाट्याला आलं असंही नाही. माझ्यानंतर एक मैत्रीण आत गेली. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. तिचा प्रबंध ऊसतोड कामगारांच्या ओव्यांवर, ओव्या तिने फडावर जाऊन गोळा केलेल्या. तिला विचारलं, ‘लग्नाचं कुठवर आलंय?’ ती बाहेर आली तेव्हा हसत होती, पण हातातली फाईल तिने दोनदा खाली पाडली. बहिःस्थ परीक्षकांचं जेवण, शाल, श्रीफळ वेळेवर झालं. त्याची वर्गणी आम्हीच काढली होती.

मोहल्ल्यालाही मी सोडणार नाही. ‘मराठीत एमए करून काय करणार, बीएड कर’ हे ठीक, पोटाचा प्रश्न आहे. पण उर्दू सोडून ‘त्यांची’ भाषा घेतली म्हणून तोंड फिरवणारे आमच्यात कमी नाहीत. हे लोक आणि माझे परीक्षक एकाच बाजूचे आहेत. मराठी माझी नाही, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला त्याचं दुःख होतं, दुसऱ्याला कौतुक वाटतं, एवढाच फरक.

तर कौतुकाने काय बिघडतं? सांगतो. शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणवतो. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. त्या काळी मुसलमानाला वापरायचा शब्द. कवी तो स्वतःला लावतो तेव्हा ती नम्रता असते की टोला? मी यावर बावीस पानं लिहिली आणि टोलाच आहे असं ठासून म्हटलं. पण माझा सगळा डोलारा वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केलेल्या छापील संहितेवर उभा आहे. हस्तलिखित मी एकही पाहिलेलं नाही. मोडी मला वाचता येत नाही. प्रबंध उघडून पाच मिनिटं चाळणाऱ्या परीक्षकाने मला तिथेच पकडलं असतं: ‘हा शब्द प्रत्येक पोथीत याच जागी आहे का? नक्कलकाराने घातला नसेल कशावरून?’ माझ्या चाळीस प्रश्नांत हा तिसरा होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी घाबरून गेलो होतो आणि खरं सांगायचं तर त्याच प्रश्नासाठी गेलो होतो. कुणीतरी विचारलं असतं, मी अडखळलो असतो, दहा गुण कमी पडले असते, आणि जूनमध्ये मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं असतं. त्याऐवजी माझा ‘ळ’ पास झाला.

मोडीचा वर्ग आता लावलाय, उशिराने. पुढे संशोधनाला बसलो तर पुन्हा कुणासमोर तरी हा विषय मांडावा लागेल. तोवर ज्यांना विचारावंसं वाटेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: प्रत विभागाच्या कपाटात आहे. चौथं प्रकरण, पान ६१ पासून.