रोबोटला हात नको, स्पर्धेला साथ हवी!

शिक्षक मित्रांनो, "मला रोबोटिक्समधलं काय कळतं?" असं म्हणून स्वयंसेवक होणं टाळू नका. फर्स्ट लेगो लीगमध्ये रोबोटची फेरी फक्त अडीच मिनिटांची असते. तिथे वेळ पाहणारा, गुण लिहिणारा, मुलांना टेबलापर्यंत नेणारा माणूस लागतो. ही कामं आपण शाळेत रोजच करतो ना! शिवाय मुलं संघात एकमेकांशी कशी वागतात, यालाही रोबोटच्या फेरीइतकंच महत्त्व असतं. शहरातल्या मुलांना क्लास मिळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या जळगाव जामोदच्या मुलांना आपणच आहोत. नियम जवळून पाहिलेला शिक्षकच त्यांची तयारी नीट करून घेईल. एकच पथ्य पाळा : रोबोट अडला तरी आपले हात मागेच ठेवा. दुरुस्ती मुलांनीच करायची. खरं शिकणं तिथेच घडतं.