तबकडी हरवली नव्हती

आमच्या कोथरूडच्या घरीं एक संगणक आहे. त्याच्या दुसऱ्या तबकडीवर आमच्या दादांनीं बारा वर्षें जमविलेलें कुलवृत्तान्ताचें साहित्य आहे : जुनीं पत्रें, टिपणें, छायाचित्रें. गेल्या दिवाळींत पुतण्यानें आणखी एक कोरी तबकडी जोडली, आणि यंत्र सुरू होईना. काळ्या पडद्यावर दीड मिनिट वाट पाहून, आपत्कालीन अवस्थेची सूचना देऊन तें स्वस्थ बसलें. दुरुस्तीस आलेले गृहस्थ म्हणाले, “जुनी तबकडी गेली. सर्व पुसून नव्यानें बसवूं.” वहिनींनीं त्यांना चहा दिला, पुसूं मात्र दिलें नाहीं. त्याबद्दल सारें घर त्यांचें ऋणी आहे.

तबकडी गेली नव्हती. तिचें नांव बदललें होतें. आमचा संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो. ही प्रणाली तबकड्यांना, ज्या क्रमानें त्या सांपडतील त्या क्रमानें, ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशीं नांवें देते. कोणती तबकडी कोठें जोडावयाची याची यादी ‘एफस्टॅब’ नांवाच्या फायलींत असते. तींत दादांच्या कागदांपुढें ‘एसडीबी-१’ असें लिहिलें होतें. म्हणजे ‘एसडीबी’चा पहिला विभाग. नवी तबकडी आधीं सांपडून ‘एसडीबी’ झाली, जुनी ‘एसडीसी’ झाली. कोऱ्या तबकडीवर विभागच नव्हता, म्हणून यंत्र न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहात राहिलें.

‘कोपऱ्यापासून दुसरा बंगला’ असा पत्ता द्यावा, आणि मध्यें नवी इमारत उठतांच पोस्टमन भलत्याच दारीं उभा राहावा, तसेंच हें झालें. सर्व्हे नंबर लिहिला असता तर चूक होती ना. विभागांनाहि असा कायमचा क्रमांक असतो. त्यास ‘यूयूआयडी’ म्हणतात. विभाग सिद्ध करतांनाच तो त्यावर नोंदला जातो, आणि तबकडी कोठेंहि जोडली तरी बदलत नाहीं.

उपाय असा. प्रशासकाचा परवलीचा शब्द देऊन ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा द्यावी. सर्व विभागांचे क्रमांक दिसतात. ‘एफस्टॅब’ची एक प्रत ठेवून तींत जुन्या नांवाच्या जागीं तो क्रमांक लिहावा. यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वीं ‘माउंट -ए’ ही आज्ञा देऊन यादी पारखावी. जी तबकडी नसली तरी चालेल, तिच्यापुढें ‘नोफेल’ हा शब्द घालावा. म्हणजे तिच्यावांचून यंत्र अडत नाहीं. एक सावधगिरी : तबकडीची हुबेहूब नक्कल केल्यास क्रमांकहि तोच उतरतो. अशा जुळ्या तबकड्या एकाच यंत्रांत ठेवूं नयेत.

अर्ध्या तासांत पणजोबांचें मोडी पत्र पडद्यावर दिसलें. दादा कांहीं बोलले नाहींत. चष्मा मात्र दोनदां पुसला. त्याच संध्याकाळीं आम्हीं सर्व कागदांची दुसरी प्रत काढून कपाटांत ठेवली. वाचकांनींहि आपल्या घरचें एवढें काम या महिन्यांत उरकावें. आणि कोणी ‘पुसूं या’ म्हणाला, तर आधीं चहा द्यावा व क्रमांक विचारावा.