जुन्या गाड्यांचें बेट

प्रवास कशासाठीं करावा, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक लोक असें देतात कीं, जें आपल्या गांवीं नाहीं तें पाहण्यासाठीं. आणि जें पाहावयाचें तें शक्य तितकें नवें, मोठें व वेगवान असावें, अशी त्यांची समजूत असते. उंच इमारती, रुंद रस्ते व वाऱ्याच्या वेगानें धांवणाऱ्या गाड्या यांचीं वर्णनें आमचे विद्यार्थी मोठ्या हौसेनें वाचतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु लोक केवळ जुन्या व संथ गाड्यांत बसावें म्हणून समुद्र ओलांडून जातात, असेंहि एक लहानसें बेट जगांत आहे. आणि आमच्या मतें त्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. त्या बेटाचें नांव मॅन.

हें बेट इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रांत आहे. त्याची लांबी सुमारें ३३ मैल, रुंदी सुमारें १३ मैल आणि वस्ती २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें ८४ हजार. म्हणजे आमच्याकडील एखाद्या मोठ्याशा तालुक्याच्या गांवाएवढी. त्याचा राजा ब्रिटनचाच असला तरी बेट ब्रिटनच्या राज्यांत मोडत नाहीं. 'टिनवाल्ड' नांवाची त्याची स्वतःची फार प्राचीन कायदेसभा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण या गाड्या राखाव्या कीं मोडाव्या, याचा निवाडा त्या मूठभर लोकांनींच वेळोवेळीं केला आहे.

एकोणिसाव्या शतकांत लँकशायरमधील गिरण्यांचे कामगार उन्हाळ्याच्या सुटींत येथें हवा पालटण्यास येत. त्यांच्या सोयीसाठीं डग्लस या राजधानीपासून चहूंकडे रूळ पसरले. १८७३ सालीं डग्लस ते पील व १८७४ सालीं डग्लस ते पोर्ट एरिन असे वाफेच्या गाडीचे मार्ग खुले झाले. हे रूळ केवळ ३ फूट रुंदीचे. मँचेस्टर येथील बेयर पीकॉक कंपनीनें बांधलेलीं लहान लहान इंजिनें त्यांवर धांवूं लागलीं. आणि १९२६ पर्यंत जीं नवीं इंजिनें या कंपनीकडून आलीं, तींहि मूळच्याच घडणीचीं होतीं. त्यांपैकीं पोर्ट एरिनचा सुमारें १५ मैलांचा मार्ग आजहि उन्हाळ्याच्या हंगामांत वाफेवरच चालतो.

पुढें वीज आली. १८९३ सालीं डग्लसच्या उत्तरेस विजेची गाडी सुरू झाली. ती १८९४ सालीं लॅक्सीस व १८९९ सालीं रॅम्से शहरांत पोहोंचली. हा मार्ग १७ मैलांचा असून समुद्राच्या कड्यांवरून वळणें घेत जातो. १८९३ सालच्या पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या गाड्या अजून शिल्लक आहेत, आणि मूळच्याच मार्गावर चालणाऱ्या जगांतील सर्वांत जुन्या ट्रामगाड्यांत त्यांची गणना होते. लॅक्सी येथें उतरून दुसरी गाडी धरली म्हणजे ती प्रवाशांस २,०३६ फूट उंचीच्या स्नेफेल पर्वताच्या माथ्याजवळ नेऊन सोडते. हा मार्ग १८९५ सालचा. त्याच्या दोन रुळांमध्यें तिसरा एक रूळ आहे. फेल नांवाच्या इंजिनियरानें ही युक्ति काढली. चढ चढण्यास नेहमींचीं चाकें पुरतात. परंतु उतरतांना गाडी आवरण्यासाठीं या मधल्या रुळास दोन्हीं बाजूंनीं चिमट्याप्रमाणें घट्ट धरणारे ब्रेक योजिलेले आहेत. या मधल्या रुळास व त्याच्या साहित्यास जागा हवी, म्हणून येथील रूळ ३ फुटांऐवजीं साडेतीन फूट रुंदीचे केले. विद्यार्थ्यांनीं घर्षणाचा धडा पुस्तकांत वाचलेला असतो. येथें तोच धडा डोंगरावर मांडलेला आहे.

आतां राहिली घोड्यांची ट्राम. थॉमस लाइटफूट या गृहस्थानें ती १८७६ सालीं डग्लसच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरू केली. एक घोडा भरलेली गाडी कशी ओढीत असेल, असें पाहणारास वाटतें. परंतु लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार थोड्या घर्षणानें फिरतें, व किनाऱ्याचा रस्ताहि सपाट आहे. म्हणून गाडी एकदां सुटली कीं घोड्यास फारसे श्रम पडत नाहींत. आणि जनावर थकल्यावर त्याचें काय होतें? म्हातारे घोडे कसायाच्या हातीं जाऊं नयेत म्हणून १९५० सालीं तेथें घोड्यांचें विश्रांतिगृह स्थापन झालें. नोकरींतून मोकळे झालेले घोडे तेथें कुरणांत उरलेलें आयुष्य काढतात. ज्यानें आपली सेवा केली त्यास म्हातारपणीं वाऱ्यावर सोडूं नये, हें शहाणपण आम्ही मुलांस तोंडानें सांगतों. त्या बेटावर तें डोळ्यांनीं दिसतें.

हें सर्व सुखासुखीं टिकलें, असें मात्र कोणी समजूं नये. १९०० सालीं बेटावरील डंबेल बँक बुडाली, आणि तिच्यासमवेत तिच्या कर्जावर उभी असलेली ट्राम कंपनीहि बुडाली. अनेक कुटुंबांची ठेव गेली. पुढें मोटारी आल्या, उतारू घटले. १९६६ सालीं वाफेची गाडी धांवलीच नाहीं. १९६७ सालीं ती पुन्हां सुरू झाली, पण १९६८ नंतर पील व रॅम्से येथील तिचे मार्ग कायमचे बंद झाले. विजेची गाडी १९५७ सालीं सरकारनें विकत घेतली. तिचाहि लॅक्सीपुढील भाग १९७५ सालीं थांबला व लोकांनीं ओरड केल्यावर १९७७ सालीं पुन्हां चालू झाला. १९७८ च्या सुमारास वाफेची गाडीहि सरकारी झाली. २०१६ सालीं डग्लसच्या नगरसभेनें तोट्याचें कारण सांगून घोड्यांची ट्राम बंद करण्याचें ठरविलें. पुष्कळ लोकांनीं अर्जावर सह्या केल्या, सरकारनें ट्राम आपल्याकडे घेतली. आणि किनाऱ्याच्या रस्त्याचें काम झाल्यावर २०२२ सालीं मार्गाच्या एका भागावर ती पुन्हां धांवूं लागली.

येथें कोणी व्यवहारी पालक विचारतील, "हा सारा खटाटोप कशासाठीं? त्याच पैशांत मोटारी घेतल्या तर लोक लवकर पोहोंचणार नाहींत काय?" हा आक्षेप हंसून टाळण्यासारखा नाहीं. सार्वजनिक पैसा लोकांच्या श्रमाचा असतो, आणि जें जें जुनें तें तें राखावें असें आम्हीहि म्हणत नाहीं. जुनेपणा ही कांहीं सुरक्षिततेची हमी नव्हे; २०१६ च्या मार्च महिन्यांत स्नेफेलच्या माथ्यावरून एक रिकामी गाडी आपोआप सुटली व मोडून गेली. सुदैवानें तींत उतारू नव्हते. जुनें यंत्र नव्याहून अधिक दक्षता मागतें, हेंच यावरून सिद्ध होतें.

परंतु आमचें उत्तर असें आहे. गाड्या पाहण्यास परदेशांतून लोक येतात व बेटावर पैसा खर्च करतात, हा लाभ खरा असला तरी तो मुख्य नव्हे. यंत्र पदार्थसंग्रहालयांत कांचेआड ठेवलें तर त्याचें लोखंड राहतें, विद्या जाते. बाष्पकोठी कशी तपासावी, बाजारांत न मिळणारा सुटा भाग कसा घडवावा, घोड्यास रुळांवर कसें शिकवावें, हें ज्ञान केवळ ग्रंथांत टिकत नाहीं. तें एका हातांतून दुसऱ्या हातांत जावें लागतें. गाडी चालती ठेवली तरच त्या हातांस काम राहतें. शिवाय जी वस्तु रोज वापरांत आहे तिची काळजी सर्व गांव वाहतें. जी बंद पडली तिच्यावर धूळ बसते, व मग ती मोडींत निघाली तरी कोणी विचारीत नाहीं.

आमच्या मुंबईचेंच उदाहरण घ्या. तेथें घोड्यांची ट्राम १८७४ सालीं, म्हणजे डग्लसच्याहि दोन वर्षें आधीं, सुरू झाली. १९०७ सालीं विजेची ट्राम आली. आणि ३१ मार्च १९६४ या दिवशीं शेवटची ट्राम धांवली. एवढ्या गर्दीच्या शहरांत सर्व मार्ग राखणें कदाचित् शक्य नसेल; पण एकहि मार्ग राहिला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. उलट नेरळ ते माथेरान ही १९०७ सालची लहान गाडी पाहा. २००५ च्या अतिवृष्टीनें तिचे रूळ वाहून गेले, ते दुरुस्त होऊन २००७ सालीं ती पुन्हां चढूं लागली. २०१९ च्या पावसाळ्यांत पुन्हां तेंच झालें, आणि २०२२ सालीं पुन्हां तीच दुरुस्ती झाली. अशी चिकाटी आमच्या लोकांतहि आहे, हें यावरून दिसतें.

मॅन बेटास जाणें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस घडेल. माथेरानला मात्र पुष्कळांस जातां येईल. तेथें गेल्यावर मुलांनीं केवळ खिडकींतून दरी पाहून परत येऊं नये. गाडीचीं चाकें, ब्रेक व वळणें नीट पाहावीं. ती कोण चालवितो, कोण तेल घालतो, रूळ कोण तपासतो, हें विचारावें, व विचारतांना त्या मनुष्यास मान द्यावा. पालकांसहि आमची एक विनंती आहे. घरांत आजोबांचें घड्याळ किंवा आजीचें शिवण्याचें यंत्र बंद पडलें असेल, तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं एकदां मुलास जवळ बसवून तें उघडून पाहावें. दुरुस्त झालें तर उत्तमच. न झालें तरी तें कसें चालत होतें, एवढें तरी मुलास कळेल.