आधी कडी लावा, मग सर्व्हर मांडा

प्रायव्हसीचा विषय निघाला की आपल्या आयटीवाल्यांत दोन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो, "मला काय लपवायचंय?" दुसरा म्हणतो, "माझं सगळं माझ्या घरच्या सर्व्हरवर आहे, मला कसली भीती?" पहिल्या पंथाशी भांडून मी आता दमलोय. आज भांडण दुसऱ्या पंथाशी आहे, म्हणजे आपल्याच माणसांशी. घरचं भांडण आहे, तेव्हा भाषा जरा मोकळी ठेवतो.

पहिल्यांचा हिशोब दोन ओळींत उरकू. लपवायचं काही नसेल तर पासबुकाच्या झेरॉक्स सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, मग बोलू. शिवाय तुमच्या लॅपटॉपवर फक्त तुमचं काही नसतं. आईचे एमआरआय रिपोर्ट, बाबांची पेन्शनची कागदपत्रं, भाचीच्या बारशाचे फोटो असं बरंच असतं. ते उघडं टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो घरातल्या प्रत्येकाचा आहे, फक्त ज्याला ॲडमिन पासवर्ड माहीत आहे त्याचा नाही. असो.

आता आपली मंडळी. रास्पबेरी पाय आणला, त्याला जुनी हार्ड डिस्क जोडली, नेक्स्टक्लाउड टाकलं, फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन. ऑफिसातून दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं आणि रात्री दीड वाजता ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, "गूगलला रामराम!" त्यावर पंचवीस अंगठे.

हे करू नका असं मी म्हणत नाहीये. उलट मी याच पक्षातला आहे. ज्यांनी गूगल रीडरमध्ये शेकडो ब्लॉग जमवले होते त्यांना १ जुलै २०१३ ला काय वाटलं ते विचारा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि कॉलेजातल्या कित्येक पिढ्यांचे स्क्रॅप हवेत विरले. दुसऱ्याच्या वाड्यात फुकट राहणाऱ्याला मालक कधीही उठवू शकतो. तेव्हा स्वतःचं घर बांधा, जरूर बांधा. पण घर बांधून दाराला कडीच लावायची नाही, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत राव!

"माझ्या घरचा पत्ता कोणाला माहीत आहे?" हा या पंथाचा आवडता युक्तिवाद. कोणाला माहीत असायची गरजच नाही. आयपीव्ही४ चे सगळे मिळून पत्ते सुमारे ४३० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल आणलं, आणि एका साध्या मशीनवरून, गिगाबिट कनेक्शनवर, एका पोर्टसाठी हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून दाखवले. पाऊण तास! चोर तुमचं घर शोधत येत नाही. तो जगातलं प्रत्येक दार ढकलून बघतो, आणि तुमचं उघडं निघतं.

हे नुसतं भीती घालणं नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' ड्राइव्ह जगभरात लोकांच्या घरी आपोआप फॅक्टरी रीसेट झाल्या. कोणीतरी दुरून ते बटण दाबलं होतं. वर्षानुवर्षांचे फोटो एका दिवसात साफ. त्या मॉडेलला कंपनीने २०१५ पासून अपडेट देणंच थांबवलं होतं. मग जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाचं रॅन्समवेअर आलं. इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅपच्या नास पेट्या त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीचे ०.०३ बिटकॉइन मागितले. म्हणजे डेटा घरातच होता, डिस्क कपाटातच होती, फक्त किल्ली परक्याच्या हातात. यातले कितीतरी लोक ढगावर विश्वास नाही म्हणूनच पेटी विकत घेणारे असणार.

आणि सर्व्हर तर पुढची गोष्ट झाली. आधी त्या राउटरकडे बघा. आमच्याकडे कनेक्शन जोडायला आलेला मुलगा जाताना म्हणाला, "सर, पासवर्ड फ्लॅट नंबरच ठेवलाय, लक्षात राहायला सोपा." वायफायचा तो, आणि राउटरचा अजूनही ॲडमिन-ॲडमिन! त्याची चूक नाही, त्याला दिवसात बारा घरं करायची असतात. पण तो गेल्यावर ते बदलायला बी.ई. कॉम्प्युटरची पदवी लागत नाही, आणि ज्यांच्याकडे आहे तेही बदलत नाहीत.

याच आळसावर २०१६ मध्ये मिराई उभं राहिलं. त्यात कसलीही दिव्य हुशारी नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या, आणि त्या घेऊन कॅमेरे नि राउटर ठोठावत फिरायचं. एवढ्या भांडवलावर लाखो उपकरणं त्यांच्या ताब्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच जोरावर डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास कित्येकांना उघडेनात. आपल्याकडे म्हणाल, तर जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका मालवेअरने झोपवले. कारण तेच, न बदललेला मूळ पासवर्ड.

डब्ल्यूपीएसचं तर गणितच विनोदी आहे. आठ आकडी पिन म्हटल्यावर दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार व उरलेले तीन वेगवेगळे तपासून "बरोबर" सांगतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, झाले अकरा हजार प्रयत्न. हे डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉकने जाहीर केलं. तुमच्या राउटरवर ते बटण अजून चालू आहे का, बघितलंत कधी?

यावर हुशार मंडळी म्हणतील, "आम्ही सीजीनॅटच्या मागे आहोत, बाहेरून कोणी पोहोचूच शकत नाही." अर्धं खरं आहे. एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो, त्यामुळे आयपीव्ही४ वरून थेट आत येता येत नाही. पण हल्ली आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ ही असतं, आणि तिथे तुमच्या प्रत्येक डब्याला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. त्याला अडवणारी राउटरची फायरवॉल चालू आहे का, हे तपासल्याशिवाय निवांत बसू नका. शिवाय घरभेद्याचं काय? सेलमध्ये घेतलेला स्वस्त कॅमेरा आतूनच बाहेर फोन लावतो. त्याला सीजीनॅट अडवत नाही.

"मी व्हीपीएन घेतलंय" हे आणखी एक. पैसे देऊन घेतलेलं व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवाल्याऐवजी दुसऱ्या कोणावर तरी भरवसा टाकणं. एप्रिल २०२२ च्या आदेशात सर्ट-इनने अशा कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले. जाहिरातीतलं "संपूर्ण सुरक्षित" वाचून राउटर तसाच ठेवलात तर मूळ दुखण्याला काहीच औषध दिलं नाहीत.

मग करायचं काय? फार काही नाही, एक रविवार पुरतो.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. डब्ल्यूपीएस बंद, यूपीएनपी बंद, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद. फर्मवेअर अपडेट करा. अपडेट येणं थांबलं असेल तर तो डबा आता कचरा आहे, भावनिक होऊ नका. कॅमेरे, बल्ब, टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाका. सर्व्हरसाठी उघडलेली सगळी पोर्ट बंद करा आणि त्यांच्या जागी वायरगार्ड बसवा. त्याचं एकच पोर्ट लागतं, आणि ओळखीची किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला वाटतं, इथे कोणी राहतच नाही. सीजीनॅटच्या मागे असाल तर एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवा.

मग बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितव्यांदा सांगायचं? डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने जाते. एक प्रत एन्क्रिप्ट करून दुसऱ्या घरात ठेवा, आणि ती परत उघडते का ते वर्षातून दोनदा बघा. शेवटचं म्हणजे, सगळं कसं चालू-बंद करायचं आणि किल्ल्या कुठे आहेत हे एका कागदावर मराठीत लिहून घरच्यांना द्या. उद्या तुम्ही दवाखान्यात असाल तर बायकोने फोटो काढायला लिनक्स शिकायचं का?

आणि महिन्याचा एक तास यासाठी निघत नसेल, तर सरळ पैसे देऊन कोणाची तरी सेवा घ्या, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि सुखाने झोपा. त्यात कमीपणा काहीच नाही. भाड्याच्या घरात कडी लावून राहणारा माणूस स्वतःच्या बंगल्याचं दार सताड उघडं टाकणाऱ्यापेक्षा शहाणाच.

स्वतःचा सर्व्हर चालवणं म्हणजे बंड वगैरे काही नसतं. घरच्यांनी आपले फोटो, आपली कागदपत्रं तुमच्या हवाली केलेली असतात, आणि ती सांभाळायची असतात. ग्रुपवरचा स्क्रीनशॉट नंतर टाका. आधी उठा, राउटर पालथा करा आणि त्याच्या खालचा स्टिकर वाचा. तिथला पासवर्ड अजून चालत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच होता.