परासियाची बाटली आणि आजीबाईचा बटवा

मार्गशीर्ष लागला की आपल्या रामाकोन्यात थंडी जाणवू लागते. सकाळी कन्हानच्या बाजूने गार वारा येतो आणि घरोघरी लहान लेकरे खोकू लागतात. दर वर्षी याच दिवसांत मेडिकलमधून गोड सिरपची एक बाटली घरात यायची. यंदा ती मागायला आम्हा आयांची जीभ रेटत नाही. कारण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तरीही झाले काय आणि त्यातून आपण घ्यायचे काय, हे एकदा नीट मांडावे म्हणून हा लेख.

काय घडले

2025 चा पोळा आटोपल्यानंतरच्या दिवसांत छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात लहान मुले दगावू लागली. सुरुवात साध्या सर्दी-ताप-खोकल्याने व्हायची. मग लघवी कमी व्हायची, बंद व्हायची आणि मूत्रपिंडे निकामी व्हायची. आई-बाप लेकरू घेऊन नागपूरला धावायचे. आधी पाण्यावर, मग उंदरांवर संशय घेतला गेला. शेवटी बोट वळले ते खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपकडे. ते तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तामिळनाडूच्या औषध विभागाने केलेल्या तपासणीत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. याची मर्यादा आहे 0.1 टक्का. म्हणजे जवळपास अर्धी बाटली विषाची होती. 4 ऑक्टोबरला मध्य प्रदेशात या सिरपवर बंदी आली. पुढे अटका झाल्या, कंपनीचा परवानाही रद्द झाला. पण तोवर वीसहून अधिक लेकरे गेली होती. बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातली, काही बैतुलची, आणि एक आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातले.

ती बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही जणींनी आपापली फडताळे उघडली. जवळजवळ प्रत्येकीकडे गेल्या हिवाळ्यातली अर्धी उरलेली एखादी बाटली निघालीच. ती त्या कंपनीची नव्हती, एवढेच आमचे नशीब.

‘तुमचंच खरं होतं’

आमच्यापैकी काही जणींची मंडळात थट्टा होत असे. लेकराला दोन वर्षे अंगावर पाजायचे, तेलाने मालीश करायची, सुती लंगोट वापरायचे, बिस्किटाऐवजी नाचणीची पेज द्यायची, शिंक आली की लगेच दवाखाना गाठायचा नाही, असा आमचा खाक्या. परासियानंतर थट्टा थांबली. ‘बाई, तुमचंच खरं होतं, औषधं म्हणजे विषच,’ असे कितीतरी जणी म्हणू लागल्या.

त्यातले अर्धे बरोबर आहे आणि अर्धे धोक्याचे आहे, असे आम्हाला वाटते.

बरोबर काय? लहान मुलांची बहुतेक सर्दी-खोकल्याची दुखणी विषाणूंमुळे होतात आणि आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप ओसरतात. सिरपने ती लवकर बरी होत नाहीत. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये हेच बजावले : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळावीत. म्हणजे विष नसलेल्या, चांगल्या बाटलीचीही या वयात गरज नव्हती. आपल्या आज्या कोमट पाणी, तुळस-आल्याचा काढा, रात्री चमचाभर मध देत, आईचे दूध चालू ठेवत आणि लेकराला उबेत निजवत. खोकल्यासाठी एवढे पुष्कळ असते.

धोक्याचे काय? ‘नैसर्गिक’ म्हटले की ते सुरक्षितच, ही समजूत. मध चांगला, पण एक वर्षाखालील बाळाला तो कधीच देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळंतपणात जिभेवर मधाचे बोट लावायची आपली रीत आहे, ती सोडायला हवी. नाकात तेल सोडल्याने ते फुप्फुसात जाऊ शकते. ओव्याची पुरचुंडी तव्यावर जास्त तापली तर कोवळी कातडी भाजते. आणि सातपुड्यातच, मेळघाटात, बाळाचे पोट फुगले म्हणून पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा अजून पुरती थांबलेली नाही. तिथेही औषधाची बाटली नसते, सारे पूर्वापारचेच असते. तरी लेकरू पोळतेच.

आईने ओळखायचे काय

तेव्हा प्रश्न बाटली की बटवा असा नाही. साधा खोकला कुठे संपतो आणि न्यूमोनिया कुठे सुरू होतो, हे आपल्याला ओळखता येते का, हा आहे. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. घड्याळ पुरते. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे पोट किती वेळा वर येते ते मोजायचे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरला, तर तो साधा खोकला नव्हे. आशाताई गावोगावी हेच मोजतात.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध न ओढणे, झटके, गुंगी, ओठ निळसर होणे, सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काही दिसले तर काढा उकळत बसू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप असला तरी थांबू नये.

आणि लसीकरण चुकवू नये. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. एका बाटलीने विश्वासघात केला म्हणून लस, ओआरएस आणि तापाचे योग्य मात्रेतले औषध यांच्यावर राग काढला, तर परासियाचे नुकसान आपण आपल्याच हाताने वाढवू.

आईला न ओळखता येणारे

पण एक गोष्ट कोणत्याही आईला ओळखता येणार नाही. डायएथिलीन ग्लायकॉल रंगहीन आणि चवीला गोडसर असते. ते ब्रेक ऑइलसारख्या कारखानी वस्तूंत वापरतात. सिरपसाठी लागणारे शुद्ध द्रावण महाग असते. स्वस्तातला, न तपासलेला माल वापरला की हे विष बाटलीत येते.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. 1937 मध्ये अमेरिकेत याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे कडक औषध कायदा आला. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती. 2022 मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपशी जोडलेले सुमारे सत्तर बालमृत्यू झाले. चाळीस वर्षे झाली, तरी विष तेच आणि तपासणीतली ढिलाईही तीच.

म्हणून ‘आम्ही बाई औषध देतच नाही’ असे म्हणून आम्हाला मोकळे होता येत नाही. आमच्या घरी अडुळसा आहे, निवांतपणा आहे, सासूबाई आहेत. जी माय सकाळी कापूस वेचायला किंवा संत्र्याच्या बागेत मजुरीला जाते, तिला लेकरू आठ दिवस खोकत ठेवून घरी बसता येत नाही. ती बाटली घेणारच. ती बाटली स्वच्छ असणे हा तिचा हक्क आहे, आणि तो मागणे आपल्या सर्वांचे काम. प्रत्येक बॅचची तपासणी व्हावी, कच्चा माल तपासल्याशिवाय कारखान्यात वापरला जाऊ नये. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांत खोकल्याचे सिरप परवान्याशिवाय विकण्याची सवलत आहे. ती काढण्याचा प्रस्ताव आला आहे, तो लवकर अमलात यावा.

आपली अडचण आणखी एक आहे. 1956 नंतर आपले सरकार भोपाळचे झाले, पण अडीनडीला दवाखाना नागपूरचाच राहिला. आजार एका राज्यात आणि उपचार दुसऱ्या राज्यात, अशा वेळी माहिती दोन्हीकडे वेळेत पोचली नाही तर मधले दिवस लेकरांचे जातात. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आता या जिल्ह्यातच मुलांचा नीट सुसज्ज विभाग आणि नागपूरशी थेट संपर्काची सोय हवी.

येत्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात आम्ही एक करू म्हणतो. वाणात प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी ओआरएसचे पाकीट आणि श्वास मोजण्याचे आकडे लिहिलेली एक चिठ्ठी द्यायची. तिळगुळ वाटून झाल्यावर दहा मिनिटे बसून, एखाद्या लेकराला मांडीवर घेऊन, श्वास कसा मोजायचा ते सगळ्यांनी एकदा करून पाहायचे. आज्यांनी तर जरूर यावे. बटवा त्यांचाच आहे, त्यात आता एक घड्याळही ठेवू या.